मशीन धुतलं आणि घराची लाइट गेली: दोष शोधायचा कुठे?

कोल्हापूर हे चहाचं गाव. तरीही गेल्या काही वर्षांत आपल्या घरांतल्या ओट्यावर एक नवी वस्तू दिसू लागली आहे, ती म्हणजे एस्प्रेसो कॉफीचं मशीन. कुणाचा मुलगा दुबईहून येताना घेऊन येतो, कुणाच्या जावयानं ईदला दिलेलं असतं, कुणी उमराहून परतताना जेद्दाहून आणलेलं असतं. नव्याची नवलाई चार-सहा महिने टिकते. मग रमजानच्या आधीची मोठी साफसफाई निघते. मशीन घासूनपुसून लख्ख होतं, प्लग लावून बटण दाबलं जातं आणि घरभर अंधार होतो.

आम्ही शाळेत विज्ञान शिकवतो म्हणून असे प्रश्न आमच्यापर्यंत येतात. तक्रारीची भाषा ठरलेली असते: “सर, साफ करायच्या आधी चांगलं चालत होतं हो. आत पाणी घातलंच नाही, नुसतं पुसलं.” आम्ही वायरमन नाही. पण दहावीच्या पुस्तकातला ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा धडा आणि जाणत्या वायरमनच्या शेजारी उभं राहून पाहिलेलं काम, एवढ्यावर बऱ्याच गोष्टी उलगडतात.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती जिवाशी निगडित आहे. लाइट जाते म्हटल्यावर घरात तीन उपाय सुचवले जातात. एक, प्लगची वरची जाड पिन काढून टाका, मग नाही पडत. दोन, दुसऱ्या खोलीतल्या जुन्या बोर्डावर लावून बघा, तिथं चालतंय. तीन, वायरमनला बोलावून ती ‘ईएलसीबी’च बाजूला काढा, सारखी कटकट करते. तिन्ही उपायांनी मशीन खरंच सुरू होतं. कॉफीसुद्धा होते. आणि मशीनच्या चकचकीत पत्र्यावर २३० व्होल्ट येऊन बसलेले असण्याची शक्यता आपण घरात तशीच ठेवून देतो.

लाइट पाडतं कोण?

मीटरपेटीत दोन वेगळी यंत्रं असतात आणि घराघरांत त्यांची गल्लत होते. एमसीबी म्हणजे लहान काळं किंवा निळं बटण असलेली पट्टी. ठरलेल्यापेक्षा जास्त विद्युतधारा वाहिली किंवा शॉर्टसर्किट झालं की ती पडते. तिचं काम वायरिंग जळू नये हे आहे. माणसाला झटका बसतोय की नाही याच्याशी तिला देणंघेणं नाही.

दुसरं यंत्र रुंद असतं, त्यावर ‘टी’ अक्षराचं छोटं बटण असतं. त्याला आरसीसीबी म्हणतात. जुनी माणसं आणि बरेच वायरमन अजून ईएलसीबीच म्हणतात. हे यंत्र एकच हिशेब करतं. दुकानाच्या गल्ल्यातून सकाळी जेवढी मोड बाहेर दिली, तेवढ्याचा हिशेब संध्याकाळी लागला पाहिजे, तसं फेजच्या तारेतून जेवढी धारा घरात गेली तेवढीच न्यूट्रलमधून परत आली पाहिजे. थोडी जरी कमी आली, तरी ती तिसऱ्याच वाटेनं जमिनीत गेली असा अर्थ होतो. ती वाट मशीनच्या पत्र्यातून अर्थिंगमध्ये गेलेली असेल, किंवा कुणाच्या तरी हातातून पायात. आरसीसीबीला फरक कळत नाही आणि कळायची गरजही नाही. ती लगेच पुरवठा तोडते.

घरगुती आरसीसीबी बहुधा ३० मिलिअँपिअरची असते. हा आकडा किती लहान आहे ते पाहा. साधारण १३५० वॅटचं कॉफी मशीन २३० व्होल्टवर ५.९ अँपिअर घेतं. म्हणजे मशीनच्या धारेच्या जवळपास दोनशेव्या भागाएवढी गळती झाली तरी आरसीसीबी पडते. एमसीबीला एवढीशी गळती कळणारच नाही. आणि माणसाच्या छातीतून जायला एवढी धारासुद्धा फार होते. म्हणून ‘कटकट करते’ म्हणून जिला काढायला सांगितलं जातं, ती घरातली एकटीच अशी आहे जिला गळती दिसते.

ज्या जुन्या बोर्डावर मशीन ‘चालतंय’, त्या लाइनवर आरसीसीबीच नसते किंवा त्या सॉकेटला अर्थिंगची तार जोडलेली नसते. दोष तिथंही तेवढाच असतो. फक्त तो सांगणारं कुणी नसतं.

पाणी जातं कुठून?

एस्प्रेसो मशीन म्हणजे पाणी आणि वीज यांना एकाच डब्यात शेजारी शेजारी बसवलेलं यंत्र. मागं पाण्याची टाकी. तिच्या खाली एक लहान कंपन पावणारा पंप, जो पाणी जोरानं पुढं ढकलतो. पुढं हीटर बसवलेला धातूचा ठोकळा किंवा छोटा बॉयलर. त्याला चिकटवलेले थर्मोस्टॅट, एक कॉफीसाठी पाणी उकळीच्या अलीकडे ठेवणारा, दुसरा वाफेसाठी त्याहून बरंच तापू देणारा. शिवाय एक थर्मल फ्यूज, जो सगळं बिघडलं तर शेवटी तुटतो. या सगळ्यात तापलेल्या भागापासून उघड्या तारांच्या टोकापर्यंतचं अंतर काही ठिकाणी बोटाच्या पेराएवढंसुद्धा नसतं.

“नुसतं पुसलं” म्हणणारे खोटं बोलत नाहीत. पण ओलं फडकं पिळून बटणांवर फिरवलं की पाणी बटणाच्या फटीतून आत उतरतं. टाकी काढून तिच्या बसण्याची जागा नळाखाली धरली की पाणी पंपावर जातं. खालचा ठिबक-ट्रे महिनाभर न काढता मशीन आडवं केलं की त्यातलं काळं पाणी थेट आत. आणि काही उत्साही मंडळी मशीन उलटं करून झटकतात, त्याबद्दल काय बोलावं!

इथं विज्ञानाचा एक मुद्दा. अगदी शुद्ध पाणी विजेचं वाईट वाहक आहे. पण आपल्याकडचं पाणी शुद्ध नसतं. बोअरचं असेल तर क्षार भरपूर. त्यात कॉफीचा गाळ, दुधाचे थेंब आणि क्षार काढायला वापरलेलं लिंबूसत मिसळलं की ते चांगलंच वाहक होतं. वर पाणी वाळलं तरी क्षार आणि लिंबूसत तिथंच पापुद्रा होऊन बसतात आणि कोल्हापूरच्या जून-जुलैच्या दमट हवेत पुन्हा ओल धरतात. म्हणूनच एखादं मशीन उन्हाळ्यात बिनतक्रार चालतं आणि पाऊस लागला की परत लाइट पाडायला लागतं.

कधी पडली ते बघा

वायरमनला फोन करायच्या आधी घरातल्या माणसांनी एवढं जरूर टिपून ठेवावं: लाइट नेमकी कोणत्या क्षणी गेली, आणि पेटीतलं कोणतं बटण खाली आलं. एवढ्या माहितीवर अर्धं काम होतं. पुन्हा पुन्हा लावून मात्र बघू नये. एकदा पडलं, लक्षात ठेवलं, प्लग काढला, बस.

त्याआधी सॉकेटचीच शंका फेडून घ्या. त्याच सॉकेटला चांगली चालणारी इस्त्री लावा. इस्त्रीनंही लाइट गेली तर दोष मशीनचा नाही, वायरिंगचा आहे. इन्व्हर्टर बसवताना न्यूट्रलच्या तारा भलत्याच जोडल्या गेल्या की असं होतं.

इस्त्री व्यवस्थित चालली, आणि मशीनचं बटण दाबण्याआधी, प्लग घालून बोर्डाचं बटण लावताच लाइट गेली, तर ओल बहुतेक प्लगमध्ये, दोरीत किंवा दोरी आत शिरते त्या जागी आहे. मशीनचं मुख्य बटण दाबताच गेली तर बटणाची पेटी किंवा हीटर. आधी दिवा लागला, पाच-दहा सेकंद गेले, मग पडली तर संशय हीटरवर घट्ट होतो, कारण तापू लागल्यावरच काही भेगा उघडतात. सगळं तापलं, तयार झालं आणि कॉफीचं बटण दाबल्यावरच गेली तर पंप किंवा त्याच्याभोवती सांडलेलं पाणी बघायचं.

आरसीसीबीऐवजी एमसीबी पडली तर प्रकार वेगळा. तिथं गळती नाही, थेट शॉर्ट आहे किंवा भार जास्त झाला आहे. सहा अँपिअरच्या लहान सॉकेटवर १३५० वॅटचं मशीन म्हणजे काठोकाठ भरलेला पेला. त्याच बोर्डावर मिक्सर लावला की तो सांडणारच. अशा मशीनला ओट्यावरचं सोळा अँपिअरचं मोठं सॉकेटच हवं.

आता एक गंमतीचा, पण डोकं खाणारा प्रकार. आमच्या ओळखीच्या एका घरात लिंबूसतानं मशीन आतून साफ केलं. लावलं, लाइट गेली. भाभींनी शहाणपणानं बोर्डाचं बटण बंद केलं, प्लग तसाच राहिला. आरसीसीबी वर केली, घर उजळलं. थोड्या वेळानं परत अंधार. पुन्हा वर केली, पुन्हा थोड्या वेळानं अंधार. दिवसभर हेच. शेवटी लक्षात आलं की फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की लाइट जाते. झालं, फ्रिजवाल्याला बोलावणं गेलं. फ्रिज तपासून तो म्हणाला, “यात काही नाही हो.” आणि खरंच काही नव्हतं.

झालं होतं ते असं. आपल्या बोर्डाचं बटण फक्त फेजची तार तोडतं. न्यूट्रल मशीनला जोडलेलीच राहते. त्या मशीनच्या हीटरचं कवच फुटून आतली तार न्यूट्रलच्या टोकाजवळ कवचाला टेकली होती, म्हणजे मशीनच्या आत न्यूट्रल आणि अर्थिंग एक झाले होते. फ्रिज सुरू झाला की त्याची परत येणारी धारा न्यूट्रलच्या तारेनं यायची, पण वाटेत थोडी धारा कॉफी मशीनमधून अर्थिंगकडे वळायची. गल्ल्याचा हिशेब चुकला, आरसीसीबी पडली. मशीनचा प्लग उपसून काढताच सगळं शांत. म्हणून आमचं सांगणं: संशयित वस्तूचं नुसतं बटण बंद करू नका, प्लग बाहेर काढा.

मग साफसफाईनंच हीटर फुटला का? अनेकदा तसं नसतं. हीटरवर क्षाराचा जाड थर बसलेला असतो, त्याखाली कवच आधीच खाल्लं गेलेलं असतं. थर हाच त्या भोकाचं बूच झालेला असतो. लिंबूसतानं बूच विरघळतं आणि पाण्याला वाट मिळते. हीटरच्या नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड दाबून भरलेली असते. ती कोरडी असताना उत्तम विद्युतरोधक, पण ओल मात्र पटकन शोषून घेते. म्हणून भेग नसतानाही वर्षभर कपाटात पडलेल्या मशीनचा हीटर टोकाकडून दमट होऊन पहिल्यांदा लाइट पाडू शकतो. असा दमटपणा जाणकार कारागीर हीटर हलका तापवून घालवतात. फुटलेलं कवच मात्र कशानंच बरं होत नाही. हीटर किंवा अख्खा बॉयलर बदलावा लागतो.

लाइट जात नाही, पण मशीनही चालत नाही

याला घाबरण्यासारखं कमी असतं, पण खर्चात पाडणारं असतं. क्षार काढून झाल्यावर टाकी नीट बसली नाही किंवा पंपात हवा अडकली तर पाणी बॉयलरपर्यंत पोचत नाही. हीटर मात्र तापत राहतो. थर्मोस्टॅटनं वेळेवर तोडलं तर ठीक, नाहीतर थर्मल फ्यूज जळतो. तो एकदाच कामाला येतो. त्यानंतर काही मशीनचे दिवे लागतात पण पाणी थंडच येतं, काही मशीन पूर्ण निपचित पडतात.

इथं एक इशारा. थर्मल फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा जोडून ‘चालू करून देणारे’ लोक भेटतात. थर्मोस्टॅट चिकटला तर हीटरला थांबवणारं त्या मशीनमध्ये मग काहीच उरत नाही. फ्यूज बदलायचा तर त्यावर छापलेल्या तापमानाचाच हवा, आणि तो पकडीनं दाबून जोडायचा. डाग देताना त्या उष्णतेनंच नवा फ्यूज जळून जातो, आणि मग दुकानदाराला शिव्या बसतात.

पंप घरघरतो आणि पाणी येत नाही, हा विजेचा दोष नाहीच. हवा अडकलेली असते. वाफेच्या नळीची चावी उघडी ठेवून थोडा थोडा वेळ पंप चालवला की बहुधा पाणी पकडतं. सलग मिनिटांमागून मिनिटं चालवू नये, पंप तापतो.

आखाती प्लग आणि सौदीचा करंट

परदेशातून आलेल्या मशीनची गोष्ट निराळी आहे आणि आपल्या घरांत ती वारंवार येते. दुबई, मस्कत, दोहा इकडून येणाऱ्या मशीनला तीन चपट्या पिनांचा इंग्लंडच्या धाटणीचा प्लग असतो. त्या प्लगच्या पोटात एक छोटा फ्यूज असतो, बहुतेक १३ अँपिअरचा. मशीन एकदम मेलं असेल तर आधी तो बघा. अनेकदा दुखणं तिथंच असतं.

हा प्लग आपल्या सॉकेटमध्ये जात नाही. मग दोन गोष्टी होतात. एक तर बाजारातला स्वस्त अडॅप्टर लावला जातो. त्यातल्या कित्येकांत अर्थिंगची पिन नुसती शोभेला असते, आत काही जोडलेलंच नसतं. किंवा प्लग कापून आपला तीन पिनांचा बसवला जातो, आणि रंगांचा घोटाळा होतो. मशीनच्या दोरीत तपकिरी तार फेजची, निळी न्यूट्रलची आणि हिरवी-पिवळी अर्थिंगची. आपल्या भिंतीत पूर्वीपासून लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. शिवाय थ्री-फेजमध्ये निळा हा एका फेजचा रंग. त्यामुळे सवयीचा मिस्त्रीसुद्धा निळीला फेज समजून जोडून टाकतो. सॉकेटकडे तोंड करून उभं राहिलं, मोठं भोक वर असलं, तर उजवीकडे फेज आणि डावीकडे न्यूट्रल असायला हवी. हिरवी-पिवळी तार कापून आत दुमडून ठेवलेली आम्ही स्वतः पाहिली आहे. विचारलं तर उत्तर आलं, “दोन तारांवरच चालतं, तिसरी कशाला?” चालतं हे खरं. तिसरी तार चालण्यासाठी नसतेच.

सौदीहून आलेल्या जुन्या वस्तूंबाबत आणखी एक खबरदारी. तिथं कैक वर्षं घरांत १२७ व्होल्टचा पुरवठा होता. त्या काळातलं मशीन इथं २३० व्होल्टवर लावलं तर हीटर सव्वातीनपट शक्ती ओढतो, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. काही क्षणांत खेळ संपतो. मशीनच्या बुडाला चिकटवलेली पट्टी वाचा. तिथं २२० ते २४० लिहिलं असेल तरच लावा.

घरच्या घरी काय तपासता येतं?

मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो आणि नववी-दहावीच्या मुलांनी तो हाताळावा असं आम्हाला मनापासून वाटतं. अट एकच: मशीनचा प्लग हातात, सॉकेटमध्ये नाही. मशीन पूर्ण थंड, टाकी रिकामी. मशीनचं आवरण उघडायची गरज नाही, तीन पिनांवरच बरंच कळतं.

पहिली तपासणी अर्थिंगची. मीटर ओहमवर ठेवून एक टोक प्लगच्या जाड पिनेला, दुसरं मशीनच्या उघड्या धातूला, रंग नसलेल्या जागी. आकडा एक ओहमच्या आत, जवळपास शून्य आला पाहिजे. नाही आला तर दोरीतली अर्थिंग तुटलेली आहे. बाकी सगळं ठीक असलं तरी हे मशीन वापरायचं नाही.

मग मशीनचं बटण ‘चालू’ स्थितीत दाबून ठेवा आणि फेज-न्यूट्रलच्या दोन पिनांमध्ये मोजा. २३० चा वर्ग भागिले १३५० असं गणित केलं की सुमारे ३९ ओहम येतात. साध्या बटणांच्या मशीनमध्ये आकडा याच्या आसपास आला तर हीटर, थर्मोस्टॅट आणि थर्मल फ्यूज तिन्ही शाबूत आहेत. मीटरनं काहीच दाखवलं नाही तर यांपैकी एक तुटलं आहे. इलेक्ट्रॉनिक पॅनेलच्या मशीनमध्ये मात्र हीटर आतल्या रिलेमागं असतो, तिथं ही तपासणी बाहेरून लागू पडत नाही.

शेवटी, बटण तसंच ‘चालू’ ठेवून फेज आणि अर्थिंग, मग न्यूट्रल आणि अर्थिंग. इथं मीटरच्या सगळ्यात मोठ्या रेंजवरही काहीच जोड दिसता कामा नये. काही हजार किंवा काही लाख ओहमचा आकडा दिसला की आत ओल आहे. काहीच दिसलं नाही तर? तर मात्र लगेच निश्चिंत होऊ नका. मल्टिमीटर आपल्या बॅटरीच्या इवल्याशा दाबावर मोजतो, आणि काही दोष २३० व्होल्टचा दाब आल्यावरच तोंड वर काढतात. त्यासाठी कारागिराकडचा मेगर लागतो, जो ५०० व्होल्टनं तपासतो. चांगल्या मशीनमध्ये तो एक मेगाओहमच्या वर दाखवायला हवा. “मेगर करून द्या,” असं दुकानात सांगितलं की समोरचा माणूसही जरा नीट बघतो, हा आमचा अनुभव.

ओल आहे असं दिसलं तर दोन-तीन दिवस हवेशीर जागी, टाकी आणि ट्रे काढून मशीन उघडं ठेवा. उन्हाळ्यात गच्चीवरचं ऊन उत्तम, पावसाळ्यात पंख्याखाली. गॅसजवळ किंवा ओव्हनमध्ये नको, आतलं प्लास्टिक वितळतं. लिंबूसत किंवा दूध आत गेलं असेल तर नुसतं वाळवून भागत नाही. कारागिराकडून ती जागा साफ करून मगच वाळवावी लागते.

हेच पुराच्या वेळी

कॉफी मशीन ही चार घरांची चैन म्हणा हवं तर. पण हाच प्रश्न कोल्हापूरनं हजारो घरांत एकदम पाहिला आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा गावात शिरली. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी असते. दोन्ही वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शाहूपुरी, दुधाळी, सुतारवाडा, तिकडं शिरोळ तालुक्यात कुरुंदवाड. पाणी ओसरल्यावर लोकांनी पहिलं काम केलं ते सफाईचं. फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर नळीनं धुऊन अंगणात मांडले. आणि वाळले असं वाटताच प्लग लावले.

पुराच्या पाण्याचा नियम कॉफीच्या पाण्यासारखाच, फक्त जास्त कडक. त्यात माती, मैला आणि क्षार असतात, ते वाळून आतच राहतात. त्यामुळे आधी स्वच्छ पाण्यानं धुणं बरोबर आहे, पण त्यानंतर मोटारीचं वाइंडिंग उघडून, भट्टीत वाळवून, वार्निश देऊनच वापरायचं. उद्यमनगरात हे काम करणारे कारागीर आहेत. पाण्यात बुडालेल्या एमसीबी, आरसीसीबी, सॉकेट आणि बटणं मात्र वाळवून परत वापरायची नाहीत, बदलायची. त्यांच्या आतल्या स्प्रिंगवर चढलेला गंज आणि चिखल बाहेरून दिसत नाही. बटण वरखाली होतं, पण वेळेवर पडेल याची खात्री उरत नाही. मीटरला सील असतं, त्याला हात लावू नये. महावितरणच्या १९१२ क्रमांकावर कळवावं.

मशिदीच्या वजूखान्यातल्या गिझरलाही हेच लागू. उन्हाळाभर बंद, मग थंडी पडली की कुणीतरी क्षार काढतं आणि लगेच सुरू करतं. तिथं ओल्या फरशीवर अनवाणी उभी असलेली माणसं एकाच वेळी धातूच्या नळांना हात लावतात. त्या लाइनवर वेगळी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आहे का, एवढं विश्वस्तांना विचारून घ्या. आणि असेल तर तिचं ‘टी’ बटण दर महिन्याला दाबून ती पडते का ते बघा. घरच्या आरसीसीबीचंही तेच. न पडली तर ती मेलेली आहे. पडली तर यंत्र ठीक, पण हे बटण फक्त यंत्र तपासतं, जमिनीतलं अर्थिंग नाही. ते वायरमनकडून वेगळं मोजून घ्यावं लागतं.

पुन्हा सुरू करताना

सगळं वाळलं, तपासणी झाली, की टाकी भरून घट्ट बसवा. हात कोरडे, पायात रबरी चप्पल, लहान मुलं ओट्यापासून लांब. प्लग घाला, मग बोर्डाचं बटण, मग मशीनचं. पंप चालवून आधी पाणी बाहेर येऊ द्या. नळीतून सलग धार लागली की मगच हीटर तापू द्या. दहा मिनिटं मशीनच्या धातूला हात न लावता बघत राहा. जळका वास, तडतड आवाज किंवा खाली पाणी दिसलं तर प्लगला हात न घालता आधी बोर्डाचं बटण बंद करा, मग प्लग काढा. मशीनच्या पत्र्यावर टेस्टर टेकवल्यावर दिवा लागला तर गळती आहे आणि अर्थिंगही नाही, असे दोन्ही दोष एकदम सापडले.

काही झालं नाही तर दोन टाक्या साधं पाणी मशीनमधून जाऊ द्या. आणि पहिले दोन कप मोरीत ओतून टाका, लिंबूसताची आंबट चव त्यांत उतरलेली असते. पाहुण्यांना तिसऱ्या कपापासून.